चंदनसाठी दोन मिनिटं

भैय्याजींनी पाहुण्यांसाठी फेटा आणून ठेवला होता. केशरी, जरीच्या काठाचा, आणि तो बांधायला नात्यातला एक माणूसही सांगून ठेवला होता. गणितातली एवढी मोठी असामी थेट झांबियाहून पुलगावात यायची, तर फेटा हवाच आणि निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी 'श्री.'ही हवंच. पत्रिका छापायला जायची त्या सकाळी प्राचार्य कैलास देवतळे यांनी मोबाइलवर पाहुण्यांचा फोटो शोधला आणि ते तसेच उठून संस्थेच्या ऑफिसात आले.

"भैय्याजी, पाहुणे बाई आहेत."

"बाई?" भैय्याजींनी चष्मा कपाळावर चढवला. घरचा कापसाचा पिढीजात व्यापार, त्यातून सवड काढून ते कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष झाले होते. "अन् गणिताच्या?"

"हो ना. त्यांच्या देशातल्या, गणिताची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्याच बाई."

"तं मंग फेट्याचं काय करू मी?"

फेट्याच्या जागी शाल आली, 'श्री.' जाऊन 'डॉ.' आलं. मग नावावर खल झाला. मुतिंता हामूंगा असं छापलं तर मागच्या बाकांवरची पोरं पहिल्या दोन अक्षरांच्या पुढं जाणारच नाहीत, हे भैय्याजींनी ओळखलं आणि दोन्ही 'त'चे 'ट' करून टाकले. शुद्धलेखनात एवढी दूरदृष्टी पुलगावात याआधी कोणी दाखवली नव्हती.

हे चाललं होतं तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आकांक्षा भोयर बसली होती. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं आणि बाईंच्या इंग्रजी भाषणाचा मराठी अनुवादही तिनेच करायचा होता. 'ट'चा किस्सा हसण्यासारखा आहे हे तिला कळलं. कळलं एवढंच, हसू आलं नाही. पत्रिकेच्या कच्च्या प्रतीवर तिचं नाव होतं, प्रा. श्रीमती आकांक्षा निकेश भोयर. गेल्या वर्षीच्या पत्रिकेवर तिथं 'सौ.' होतं. कारकुनाने कोणाला न विचारता ते बदललं होतं, आणि बरोबरच बदललं होतं. तिने जोडाक्षरं तपासली आणि प्रत परत दिली.

निकेश उन्हाळ्यात गेला. दुकान उघडायला शटरला हात घातला आणि छातीत कळ आली. लोक पोचले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. मग माणसं घरी येऊन सांगत राहिली, निकेश गेला, आणि ती मान हलवत राहिली. तो शब्द तिला रोजच्या अर्थानेच ऐकू यायचा. निकेश दुकानात गेला, निकेश नागपूरला पंपांचा माल आणायला गेला. शेजारच्या मनकर्णाबाईंनी तिला कुशीत घेऊन पाठीवर थोपटलं, "रड माय, मोकळी हो." बाकीच्या बाया रडत होत्या. ती मनकर्णाबाईंच्या पदराचा वास घेत बसली, फोडणीचा होता. तेरवी झाली तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "सून दगड झाली वं तुही," मनकर्णाबाई जाताना तिच्या सासूला म्हणाल्या. ते तिने ऐकलं आणि तेही तिला लागलं नाही.

त्यानंतर ती तशीच होती. कुकर लावायची, तासाला जायची, फळ्यावर लिहायची, पोरं उतरवून घ्यायची. तिच्या शिकवण्यात एकही चूक होत नव्हती. पूर्वी व्हायची.

"मॅडम, तुम्ही माहेरच्या आंजीच्या ना?" प्राचार्यांनी विचारलं. "बाईंना भाषणाच्या शेवटी कोणाचा तरी तपास करायचा आहे म्हणे. चंदन तिमांडे म्हणून कोणी गृहस्थ आहेत, वर्धा जिल्ह्यातले. गणितात काही लिहिलं होतं त्यांनी. आंजीत आहेत का हो कोणी तिमांडे?"

"आंजीत तिमांडे खूप आहेत, सर."

हे खोटं नव्हतं. तिचे वडील रूपराव तिमांडे आंजीचेच, काका, चुलतभाऊ, सगळे तिमांडेच. आणि चंदन तिमांडे म्हणजे ती स्वतः.

चंदन हे नाव रूपरावांनी हौसेने ठेवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूने, शोभाबाईंनी, त्याच नावावर बोट ठेवलं. "चंदन पोराचं नाव हाय वं माय. पत्रिकेत निकेश अन् चंदन छापलं तं लोक म्हणतीन, दोन पोरांचंच लगन लावून राह्यले भोयर." सगळे हसले, चंदनही हसली. शोभाबाईंच्या बोलण्यात चेष्टा होती, दुष्टावा नव्हता. लग्नात ताटात तांदूळ पसरले, निकेशने अंगठीने त्यात 'आकांक्षा' असं लिहिलं, टाळ्या झाल्या. मग कोणीतरी ते तांदूळ गोळा करून डब्यात भरले आणि पुढे त्यांचा भात झाला असणार.

लग्नाआधी ती नागपूरला संशोधन करत होती. तेव्हा तिने एक निबंध लिहिला होता, सहा पानांचा. कुठल्याशा विद्यापीठाच्या नियतकालिकात तो छापून आला, पत्त्यातलं आंजी गाळून नुसतं 'वर्धा जिल्हा' एवढं ठेवून. संशोधन लग्नानंतर पुरं करू, असं सगळेच म्हणत होते. निकेशही मनापासून म्हणायचा. ते राहिलं ते राहिलंच. तो निबंध जगात कोणी वाचला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

'सर, ती मीच.' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण म्हटलं की त्यामागून प्रश्न आले असते. अरे वा, कसं काय, पुढं काय केलं, सोडलं काऊन? उत्तरं द्यायला माणूस आत असावा लागतो आणि तिच्या आत सध्या कोणी नव्हतं. दुसरंही एक होतं आणि ते तिला पक्कं माहीत होतं. चंदनचं लग्न झालेलं नव्हतं. तिला नवराच नव्हता, म्हणून तिचा नवरा मेलाही नव्हता. सगळ्यात तेवढी एक साबूत राहिली होती. तिला बाहेर काढून ह्यात कशाला ओढायची? तिने ठरवलं, बोलायचं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती घरी आली तेव्हा शोभाबाईंनी सांगितलं, "भैय्याजीनं बचत गटाच्या सगळ्या बायाईले बोलावलं उद्या. गणिताचं भाषण हाय म्हणे. मले काय समजते त्यातलं?"

"सभागृह भरायला पाहिजे ना आई."

"तू बोलशीन का?"

"त्या बोलतील ते मराठीत सांगीन फक्त."

शोभाबाईंनी मान हलवली. निकेश गेल्यापासून दोघींचं बोलणं एवढंच. घर लहान होतं, दोघी नेहमी समोरच असायच्या, एकमेकींना हाक मारायची वेळच यायची नाही. आकांक्षाने ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी सभागृह खरंच भरलं. पुढच्या रांगेत मान्यवर, मग विद्यार्थी, उजवीकडे बचत गटाच्या बाया. पहिल्याच खुर्चीवर अण्णाजी बसले होते, आंजीच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. आता ते पुलगावात मुलीकडे राहत आणि चहा असेल अशा प्रत्येक कार्यक्रमाला येत. चंदनला त्यांनीच पाढ्यांची गोडी लावली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऐकूही कमी यायचं. आकांक्षाने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"कोणाची माय तू?" त्यांनी तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत विचारलं.

"भोयरांची," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

डॉ. हामूंगा उंच होत्या, सत्तरीच्या पुढच्या. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, कमरेला पिवळ्यानिळ्या छापाचं कापड गुंडाळलेलं, पायात पांढरे स्पोर्ट शूज. त्यांच्या पुतण्याची मुलगी सावंगीला वैद्यकीय शिकत होती, तिला भेटून त्या आल्या होत्या. आकांक्षाने त्यांना आधीच सांगून टाकलं की पत्रिकेत नावाचा उच्चार थोडा बदललाय. का बदललाय हे सांगितलं नाही.

"माझ्या नावाला त्याची सवय आहे," त्या म्हणाल्या.

मग भाषण सुरू झालं. त्या दोन-तीन वाक्यं बोलून थांबत आणि आकांक्षा ती मराठीत सांगे. नळाला पाणी यावं तसे शब्द तिच्यातून येऊन पुढं जात होते. तिला काही करावं लागत नव्हतं.

"आमच्या टोंगा लोकांत मुटिंटा हे नाव ठेवतात ते पालट झाला म्हणून. सगळे मुलगे झाल्यावर मुलगी झाली तर ती मुटिंटा. सगळ्या मुली झाल्यावर मुलगा झाला तर तोही मुटिंटाच. मला चार मोठे भाऊ. वडील रेल्वेत सांधेवाले. मोठ्या शाळेसाठी मुलं निवडायची होती, अधिकाऱ्याने माझं नाव वाचलं आणि मला मुलांच्या शाळेत घातलं. मी पत्र्याची ट्रंक घेऊन तिथं पोचले तेव्हा हेडमास्तरांनी डोक्यालाच हात लावला. मला परत पाठवायचं तर गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी पोचले त्याच दिवशी तिथं गणिताची परीक्षा होती. पोरगी व्हरांड्यात बसून रडण्यापेक्षा पेपर तरी लिहू दे, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपर तपासून झाले आणि गाडी माझ्याशिवाय गेली. मी शाळेच्या स्वयंपाकिणीच्या घरी राहून शिकले."

बाया हसल्या. कोणीतरी टाळी वाजवली. आकांक्षा पुढच्या वाक्याची वाट बघत उभी होती.

बाई सांगत गेल्या. विद्यापीठ, मग शिष्यवृत्ती, मग एक थंड देश, जिथं वर्गात मुतिंता एकटीच मुलगी आणि एकटीच काळी. पहिला शोधनिबंध तिने 'एम. हामूंगा' म्हणून पाठवला. उत्तर आलं त्यावर 'प्रिय महाशय'. "मी ते दुरुस्त केलं नाही. महाशयांना उत्तरं लवकर येत होती." पहिल्याच परिषदेला गेली तेव्हा स्टेशनवर एक माणूस 'मि. हामूंगा' अशी पाटी धरून उभा होता. "मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फलाट रिकामा झाला. मी त्याला विचारलं, हामूंगा आले का? तो म्हणाला, नाही हो, त्यांची गाडी चुकली वाटतं. आणि तो पाटी घेऊन निघून गेला. तेव्हा मला म्हणता आलं असतं, अहो, ते मीच. माझ्या तोंडातून निघालं नाही. मी चालत गेले, बर्फातून."

"...माझ्या तोंडातून निघालं नाही," आकांक्षाने सांगितलं. "मी चालत गेले, बर्फातून."

पुढं लग्न झालं. नवऱ्याची इच्छा म्हणून दोन निबंध 'मिसेस फिरी' या नावाने छापले. संसार टिकला नाही, निबंध टिकले. "काही वर्षांनी एका विद्यार्थ्याने त्याच्या प्रबंधात लिहिलं, हामूंगा सरांनी मिसेस फिरींची चूक कशी दाखवून दिली ते फार वाचनीय आहे." आता तर भैय्याजीही मोठ्याने हसले, आकांक्षाने मराठीत सांगायच्या आधीच, म्हणजे बाई हसल्या तेव्हा. मग त्यांना तो विनोद मराठीत कळला आणि ते परत हसले.

पदवी घेऊन मुतिंता मायदेशी परतली. गणित विभागात ती पहिली बाई. शिपाई तिला रोज विचारायचा, कोणाला भेटायचंय? प्राध्यापकांच्या बैठकीत चहा आला की सगळे तिच्याकडे बघायचे. ती बसून राहायची आणि चहा थंड व्हायचा. शेवटी एक दिवस विभागप्रमुखाने स्वतः उठून कप भरले. पुढे ती स्वतः विभागप्रमुख झाली, मुलींना शिकवत राहिली, त्यांच्या आयाबापांच्या दारात जाऊन बसत राहिली. "लोक मला पहिली, पहिली म्हणतात. पहिली म्हणजे काय, तर बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. आता आमच्या विभागात बायका किती हे कोणी मोजत नाही. मला तेच हवं होतं."

हे सगळं आकांक्षाने नीट सांगितलं. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं हे तिला सवयीने येत होतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, बाई किती रंगून सांगतेय.

"आता थोडं गणित," डॉ. हामूंगा म्हणाल्या. "घाबरू नका. गावं आहेत, त्यांना जोडणारे रस्ते आहेत. एखादं गाव असं असतं की ते पुसून टाकलं तर बाकीची गावंही एकमेकांपासून तुटतात. म्हणून आधीच किती जास्तीचे रस्ते बांधून ठेवावे, की कुठलंही एक गाव गेलं तरी उरलेल्यांची वाट तुटणार नाही? सोप्या नकाशांचं उत्तर जुनं आहे. एका अवघड जातीच्या नकाशांपाशी मी बरीच वर्षं अडकून होते. मग मला सहा पानं सापडली. तुमच्या जिल्ह्यातून लिहिलेली."

आकांक्षाने सांगितलं. सहा पानं, आपल्या जिल्ह्यातून लिहिलेली.

"त्यांचं नाव चंदन तिमांडे. एकच निबंध लिहिला आणि मग त्यांचा कुठं पत्ताच नाही. त्या सहा पानांवाचून माझं काम पुरं झालं नसतं. मला त्या गृहस्थांना भेटायचं आहे. एवढंच विचारायचं आहे, पुढं काय केलंत? इथं कोणी त्यांना ओळखतं का?"

आकांक्षा माइकजवळ सरकली. बोलायचं नाही हे ठरलेलं होतं आणि ते अवघडही गेलं नाही. "चंदन तिमांडे नावाच्या गृहस्थांना कोणी ओळखतं का, असं त्या विचारतात," ती म्हणाली. पुढं काय केलंत हे सांगायचं राहून गेलं. सबंध भाषणात तिने गाळलेलं तेवढं एकच वाक्य.

सभागृहात कुजबुज झाली. मग पुढच्या रांगेतून काठीचा आवाज आला. अण्णाजी उठून उभे राहिले होते.

"तिमांडे? आंजीचे?" बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज. "रूपराव तिमांड्याचं लेकरू ना, चंदन! मोठं हुशार लेकरू होतं. माह्याच शाळेतलं. तसं लेकरू मी पुन्हा नाई पाह्यलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "गेलं ना ते! कवाच गेलं."

आणि समाधानाने खाली बसले.

"अरेरेरे," सभागृह म्हणालं.

आकांक्षाला अण्णाजींचं बोलणं बरोबर कळलं. लेकरू गेलं म्हणजे सासरी गेलं. आंजीतली म्हातारी माणसं लग्न झालेल्या पोरींबद्दल तसंच बोलतात, गेलं ते, दिलं ना त्याले पुलगावले. अण्णाजी एवढं तरी म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली. अण्णाजी खिशात रुमाल शोधत होते.

"काय म्हणाले ते?" डॉ. हामूंगांनी विचारलं.

"म्हणाले, चंदन गेलं."

"गेलं? कुठं गेलं?"

ती उत्तर देणार होती की नव्हती, हे तिचं तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. भैय्याजींनी तोवर दुसरा माइक उचलला होता.

"एक्सपायर, मॅडम, एक्सपायर. व्हेरी सॅड." आणि लोकांकडे वळून, "बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या मातीचा एक थोर सुपुत्र, जो झांबियापर्यंत पोचला, तो आपल्याले माहीतही नव्हता. किती दुर्दैवाची गोष्ट. शंभरकर सरांले, माफ करा, चंदन तिमांडे सरांले आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली देऊ."

शंभरकर सर मागच्याच महिन्यात वारले होते, त्यांचं नाव भैय्याजींच्या तोंडात बसलेलं होतं. खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. डॉ. हामूंगांनी चष्मा काढला, टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि मान खाली घातली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

आकांक्षाही मान खाली घालून उभी राहिली. निकेशसाठी स्टाफरूममध्ये असंच झालं होतं. तेव्हा ती फरशीकडे बघत होती, फरशीला एक तडा होता. इथं व्यासपीठावर हिरवी चटई होती. चंदन गेली, तिने मनात म्हणून पाहिलं. काही वाटलं नाही. चला, तीही गेली.

उजवीकडून बांगड्या वाजल्या म्हणून तिने वर बघितलं.

बचत गटाच्या सगळ्या बाया उभ्या होत्या आणि मधोमध शोभाबाई खुर्चीवर बसलेल्या होत्या. मनकर्णाबाई त्यांचा दंड धरून ओढत होत्या, उठा वं, उठा. शोभाबाईंनी हात झटकला. दोन्ही हातांनी खुर्चीची दांडी घट्ट धरली आणि त्या सरळ व्यासपीठाकडे, आकांक्षाकडे, बघत राहिल्या. सबंध सभागृहात ते नाव आकांक्षाचं हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस तेवढं एकच होतं. ते नाव ज्या बाईने घालवलं, तीच आज ते गेलं म्हणायला तयार नव्हती. एक मूल तिने पोचवलं होतं. दुसऱ्यासाठी ती उठणार नव्हती.

आकांक्षाला ते लागलं. कितीतरी दिवसांत तिला पहिल्यांदाच काही लागत होतं.

"ओम शांती," भैय्याजी म्हणाले. "बसा."

सगळे बसले. आता आभार होते, ते आकांक्षानेच मांडायचे होते. ती माइकपाशी गेली आणि पुढच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीकडे वळली. प्राचार्यांनी खुणेने विचारलं, काय झालं?

"अण्णाजी," ती म्हणाली. आवाज तिच्या ओळखीचा नव्हता, आंजीचा होता. "चंदन गेली ते सासरी गेली, गुरुजी. पुलगावले. भोयराच्या घरी दिलं तिले." अण्णाजींना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण बाकी सगळ्यांना गेलं. "मीच हाव चंदन. मघाशी तुमाले चहा मीच देला. गेली नाई मी."

भैय्याजींच्या हातात माइक तसाच राहिला. डॉ. हामूंगा तिच्याकडे बघत होत्या, कारण चंदन एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांना सांगायचं काम तिचंच होतं. ती वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "चंदन तिमांडे मी आहे. मी गेलेले नाही." आणि तिला ते दुसरं वाक्य बोलता बोलताच कळलं. गेलेल्याने परत येऊन असं माइकवर सांगावं, हे चंदनलाच जमण्यासारखं होतं. निकेश हे सांगायला येणार नव्हता. तो दुकानात गेला नव्हता, नागपूरला माल आणायला गेला नव्हता. निकेश गेला होता.

तिने माइकचा दांडा धरला. ती रडली ती माइकसमोरच रडली, सबंध सभागृहाला ऐकू जाईल अशी, तोंडाला पदर न लावता. डॉ. हामूंगांनी तिचं मनगट धरलं. पुढं काय केलंत, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. भैय्याजी "पाणी, पाणी आणा रे कोणी" म्हणत इकडेतिकडे बघायला लागले आणि प्राचार्य खरंच बाटली घेऊन धावले.

तेव्हा उजवीकडे शोभाबाई उठून उभ्या राहिल्या.

"ठेवा ते पाणी तिकडंच," त्या म्हणाल्या. "रडू द्या तिले."